देवमाशांचे श्राद्ध

आधी मारायचे आणि मग त्याच्यासाठी रडायचे, याला आपल्याकडे सरळ ढोंग म्हणतात. मीही तसेच म्हणत आलो होतो. परंतु जपानच्या नागातो या लहानशा बंदराच्या शहरी गेलो, आणि त्या शब्दाबद्दल माझी पंचाईत झाली.

शहराला लागून ओमिजिमा नावाचे बेट आहे, आता पुलाने जोडलेले. त्याच्या टोकाला कायोई ही कोळ्यांची वस्ती. पूर्वी इथले लोक जाळी टाकून देवमासे मारीत. एक देवमासा मिळाला की सात गावांची ददात मिटते, अशी तिकडे म्हणच आहे. कधी मारलेल्या मादीच्या पोटात न जन्मलेले पिल्लू निघे. ते लोक पुरून टाकीत. अशी सत्तरांहून अधिक पिल्ले तिथे पुरलेली आहेत आणि त्यांच्यापाशी १६९२ साली उभारलेला, माणसाहून उंच असा दगड समुद्राकडे तोंड करून उभा आहे. त्यावरील लेखाचा भाव असा : सोडून दिले असते तरी तुम्ही जगला नसता, आता आमच्यासवेच तुम्हांला मुक्ती लाभो.

काय हा युक्तिवाद! आईला मारले कोणी? मी मनात म्हणालोच.

पण जवळच्या देवळात मारलेल्या देवमाशांची नोंदवही आहे आणि तीत त्यांना, मेलेल्या माणसाला द्यावीत तशी, नावे दिलेली आहेत, हे कळले तेव्हा मला आजी आठवली. आमचा म्हातारा बैल आजोबांनी विकला. त्या पहाटे आजीने त्याच्या पायांवर पाणी घातले, कुंकू लावले, गूळभाकर भरवली आणि पदर डोळ्यांना लावला. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो, म्हणजे सर्वज्ञच.

“एवढं वाईट वाटतं, तर विकता कशाला?”

“विकणं भाग आहे रे,” ती म्हणाली, “पण तसाच कसा हाकलू?”

मी हसलो होतो.

जपानने २०१९ साली व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली खरी, पण कायोईची शिकार थांबून शतक उलटले आहे. श्राद्ध मात्र अजून दरवर्षी होते. पुढच्या शिकारीसाठी मन हलके करणे एवढाच त्याचा हेतू असता, तर शिकारीबरोबरच तेही नसते का बंद पडले?

दुपारी खानावळीतल्या बाईंनी भाजलेला मासा पुढे ठेवला. तिथे जेवणापूर्वी सगळेच हात जोडतात. मीही जोडले, जरा जास्त वेळ, आणि जेवलो.