परवान्याशिवाय चालताना

हा प्रवास उमरीत बसल्या जागीच करायचा आहे. घाई नको. आधी पायाखालची काळी माती आठवा, पावसात चपलेला चिकटते ती. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजून दख्खनचा काळा दगड झाला आणि तो झिजून अशी माती झाली. भूगर्भातल्या ज्या तप्त स्रोतातून तो लाव्हा वर आला, त्यातूनच पुढे हिंदी महासागरात मॉरिशस बेट उभं राहिलं, असं भूशास्त्रज्ञ मानतात. तिथला दगडही काळाच आहे. या नात्यावर थोडं थांबा.

आता मॉरिशसमधल्या पोर्ट लुईच्या बंदरात या. समोर आप्रवासी घाटाच्या 16 पायऱ्या आहेत. एकेक चढा. 1834 पासून सुमारे साडेचार लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसंही होती. वर पोचल्यावर पुढची वाट त्यांना निवडता येत नव्हती. उसाच्या मळ्याबाहेर पडायचं तर परवाना हवा. करार संपलेल्यांनाही 1867 च्या कायद्याने छायाचित्र लावलेलं तिकीट सतत जवळ बाळगावं लागे. ते नसलं की भटका ठरवून अटक. शेजारच्या मळ्यात सख्खा भाऊ असेल, रविवारी त्याला भेटावंसं वाटत असेल. पायांत बळ आहे, वाट ठाऊक आहे, तरी जाता येत नाही.

इथे सर्वांत जास्त वेळ थांबा. लक्ष तळपायांकडे न्या. आज सकाळपासून ते कुठे कुठे गेले? बाजारात, शेतात, स्टेशनवर? त्यासाठी कुणाची परवानगी घ्यावी लागली? आणि हाच प्रश्न घरातल्या सुनेला विचारला, तर तिचं उत्तर काय येईल?

श्वास शांत होऊ द्या. आता पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणाऱ्या बसमध्ये बसा. उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतील. ते दगड मजुरांनी हातांनी वेचून रचले आहेत. या बेटावरचं खरं स्मारक मला तेच वाटतं. वाटेत कास्कावेल लागतं, मराठी घरांचं जुनं गाव. गणेश चतुर्थीला या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मग तामारॅंची मिठागरं. केस नॉयालपाशी रस्ता समुद्र सोडून शामारेलच्या डोंगरगावाकडे चढू लागतो. वळणांवरून ल मॉर्नचा कडा दिसेल. मळ्यांतून पळालेले गुलाम तिथे आसरा घेत. त्यांच्याकडेही परवाना नव्हता.

बसमधल्या म्हाताऱ्या बाईकडे पाहा. 2005 पासून त्या देशात साठीपुढच्या माणसांना बसचा प्रवास मोफत आहे. तिला वाटेल तिथे ती उतरते.

आपल्याकडे एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. बस परवडते, पण उंबऱ्यावरची परवानगी अजून सुटलेली नाही. घरातली लेक उद्या म्हणाली, की मी एकटीच नांदेडला जाऊन येते, तर तिला जाऊ द्या.