न पाहिलेल्या गुरूचं ऋण

गुरूवाचून विद्या नाही, असं आमच्या शेजारचे अप्पा ठामपणे म्हणतात. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर मी लिनिअर अल्जेब्रा शिकायला घेतलं, तेही अमेरिकेतल्या एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांच्या व्याख्यानांवरून, हे त्यांना पटत नाही. "त्यांना तुम्ही कोण हे ठाऊक तरी आहे का?" नाही. मग ज्याला आपण ठाऊकच नाही, त्याचं ऋण लागतं का? लागत असेल तर फेडायचं कसं?

एकलव्याला द्रोणांनी शिकवायला नकार दिला आणि दक्षिणा मात्र मागितली. तो मला कधीच धर्म वाटला नाही. एमआयटीने 2001 साली ओपनकोर्सवेअर जाहीर केलं: आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य जगात कोणालाही, नावनोंदणीशिवाय, विनामूल्य. पदवी मिळत नाही. अटी एवढ्याच की मूळ नाव सांगा, धंद्यासाठी वापरू नका, बदल करून पुढे द्याल तर याच अटींवर द्या. अशी दक्षिणा मी आनंदाने देईन.

ऋषिऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने फिटतं, असं तैत्तिरीय संहिता सांगते. ऋषींना परत काही द्यायचं नाही, शिकायचं. 1999 साली चित्रित झालेल्या पहिल्याच व्याख्यानात स्ट्रँग खडूने दोन समीकरणं मांडतात. ओळींकडे पाहिलं तर दोन रेषा एका बिंदूत छेदतात. स्तंभांकडे पाहिलं तर प्रश्नच बदलतो: हे दोन सदिश किती किती घेतले म्हणजे तिसरा तयार होईल? उत्तर दोन्हीकडे तेच. शाळेपासून एकसामयिक समीकरणं सोडवत आले, पण हे दुसरं रूप कोणी दाखवलं नव्हतं. ते दिसलं तेव्हा मी हात जोडले.

गृहपाठाबरोबर त्याची उत्तरंही तिथेच असतात. आधीच उघडून पाहिली तर कोणाला कळणार? माझ्या मते ऋण फिटतं किंवा बुडतं ते इथेच. पदवी नाही, परीक्षक नाही, म्हणून प्रामाणिकपणाला दुसरं कुठलंच कारण उरत नाही. उरते ती निव्वळ विद्येवरची श्रद्धा.

अप्पांचं एक मात्र खरं. चुकीच्या वाटेने बरोबर उत्तर आलं, तर पडद्यावरचे गुरू हटकत नाहीत. त्याला समोर माणूस लागतो. आमच्याच इमारतीतली एक मुलगी डिप्लोमा करते. आम्ही एकमेकींच्या वह्या तपासतो. "काकू, हे कशावरून?" असं ती ओळीओळीला विचारते, आणि कारण सांगितल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.