ओले फडके

जुनी मोटार विकत घेताना मनुष्य जितका संशयी असतो, तितकाच ती विकताना तो भोळा होतो. घेताना तो बॉनेट उघडून वास घेतो, टायरांना लाथा मारतो, धुराच्या नळीत बोट घालून काजळी पाहतो आणि मालकाच्या प्रत्येक शब्दाचा दुसरा अर्थ शोधतो. तीच मोटार त्याने विकावयास काढली, की आपल्या बोलण्याचा कोणी दुसरा अर्थ काढू लागल्यास त्याला राग येतो. या दोन्ही भूमिका मी वठविल्या आहेत. पहिली १९८७ साली आणि दुसरी १९९६ साली. पहिलीत मी सपशेल फसलो. दुसरीचा निकाल मी बरीच वर्षे बाजूला ठेवला होता. आज फराळाच्या ताटाबरोबर तो वाचकांपुढे ठेवीत आहे, याबद्दल त्यांनी क्षमा करावी.

मोटारीचे नाव मी सांगत नाही. तिच्या जातीच्या कितीतरी गाड्या निमूटपणे चालल्या आणि निमूटपणे भंगारात गेल्या. एकीच्या स्वभावासाठी साऱ्या कुळाला बोल कशाला लावावा? मी घेतली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. विकणारे गृहस्थ निवृत्त अधिकारी, बोलणे मृदू, घरी चहा उत्तम. “गाडीनं मला कधी दगा दिला नाही,” असे ते म्हणाले. पुढे मला कळून चुकले, की ते फक्त संध्याकाळी आणि फक्त सपाटीवर गाडी चालवीत.

तिचा खरा स्वभाव १९८८ च्या वैशाखात कळला. साताऱ्यास लग्न होते. मागे आई, पत्नी आणि अहेराची बोचकी. कात्रज पार पडला, शिरवळ मागे पडले आणि खंबाटकीच्या अर्ध्या चढावर काटा तांबड्या रेघेपाशी जाऊन भिडला. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडले. रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ फुसफुसत होती. उन्हात आईच्या डोक्यावर छत्री धरून मी उभा, आणि मागून येणारी प्रत्येक एस. टी. भोंगा वाजवून आमची कीव करून जात होती.

एक ट्रकवाला थांबला. त्याने झाकणाला हात लावू दिला नाही. “भाजून घ्याल,” म्हणाला. मग इंजिनाच्या बगलेतील पेट्रोलचा पंप दाखविला, आपल्या गाडीतले एक फडके कॅनमधल्या पाण्यात बुडविले आणि त्या पंपाभोवती गुंडाळले. वीस मिनिटांनी गाडी जणू काही झालेच नाही अशा थाटात सुरू झाली. फडके तो तसेच ठेवून गेला. पैसे घेतले नाहीत.

यामागचे शास्त्र मला नंतर नाना पेठेतल्या मिस्त्रींनी समजावून सांगितले. पेट्रोल हे काही एकच द्रव्य नव्हे. त्यातील हलके अंश ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. जुन्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनालाच जडविलेला असतो आणि तो टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. इंजिन तापले, की पंपही तापतो. ओढण्याने नळीतला दाब कमी झालेलाच असतो, त्यामुळे पेट्रोलची नळीतच वाफ होते. पंप मग ती वाफच दाबीत बसतो, कार्बोरेटरला घोटभर पेट्रोल मिळत नाही आणि इंजिन उपाशी मरते. थंड झाले, की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि रोगाची खूणही उरत नाही. अलीकडच्या गाड्यांत पंप टाकीच्या पोटात बसतो आणि पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, म्हणून नव्या पिढीला ही भानगड ठाऊक नाही.

आमच्या गाडीत याच्या जोडीला मूळचे दुखणे होते ते तापण्याचे. रेडिएटरच्या बारीक नळ्या विहिरीच्या क्षाराने बुजत आल्या होत्या. झाकणाचे रबर गेले होते. पुण्याच्या उंचीवर उघडे पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळते. झाकण घट्ट असेल, तर आत दाब साचून ही मर्यादा शंभराच्या बरीच वर जाते. झाकण सैल, तर सारी उकळी बाहेर. मिस्त्रींनी रेडिएटर उघडून नळ्यांत सळया घातल्या, झाकण बदलले, पंख्याचा पट्टा ताणला. गाडी सुधारली, बरी मात्र झाली नाही. त्यांच्या मते हेडही किंचित वाकले असावे. “त्यात पैसे घालू नका. सपाटीला चालवा, घाटात जपा,” हा त्यांचा अखेरचा सल्ला. तेव्हापासून पुढच्या आसनाखाली पाण्याचे दोन कॅन आणि ट्रकवाल्याचे ते फडके कायमचे राहावयास आले.

असे आठ उन्हाळे गेले. १९९६ च्या दिवाळीत मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर उभा राहिला आणि गाडी विकावयाचे ठरले. प्रथम माझ्या मेहुण्याने विचारले. त्याला मी सारे सांगितले. वैशाख, खंबाटकी, वाफ, वाकलेले हेड, फडके कसे गुंडाळावयाचे तेसुद्धा. तो हसला आणि म्हणाला, “मग नको बुवा.” माझे काहीच बिघडले नाही. उलट प्रामाणिकपणाचे समाधान मिळाले, आणि ते मी दोन दिवस उपभोगले.

तिसऱ्या दिवशी वाईचे एक तरुण शिक्षक आले. कार्तिकातली सकाळ, हवेत गारवा. असल्या हवेत आमची गाडी म्हणजे गाय. त्यांनी ती पर्वतीपर्यंत चालवून आणली. काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. त्यांना टायरांना लाथा मारणेही जमेना. चहा पिताना ते म्हणाले, “मला गाडीतलं फारसं कळत नाही. काही असतं तर तुम्ही सांगितलंच असतं.”

मी म्हणालो, “जुनी गाडी आहे हो. जरा सांभाळून घ्यावं लागेल.”

या वाक्यात खोटे काय आहे? काही नाही. गाडी जुनी होती आणि सांभाळून घ्यावी लागत होती. जगातल्या प्रत्येक जुन्या गाडीविषयी, घराविषयी आणि म्हाताऱ्याविषयी ते खरे आहे. आणि म्हणूनच त्यातून शिक्षकांना काहीही कळले नाही. ढोबळ सत्य पुढे करून नेमके सत्य झाकता येते, ही युक्ती मला कोणी शिकविली नव्हती. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या धर्मराजाचा रथ तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे आणि त्यानंतर तो खाली टेकला, अशी कथा आहे. आमच्या वाहनाला ती उंची कधीच नव्हती, एवढाच काय तो दिलासा.

ते गाडी घेऊन गेले. त्या रात्री पत्नीने विचारले, “अहो, त्यांना घाटाचं सांगितलंत का?” मी म्हणालो, “त्यांनी विचारलं नाही.” ती काही बोलली नाही. मेहुणा तिचाच भाऊ. त्याला काय सांगितले होते, ते तिने ऐकले होते.

पुढे मी कायद्याचे पुस्तक उघडले. अपराधी माणसाला कायद्यात जो आसरा सापडतो, तो धर्मग्रंथांत सापडत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सोळावे कलम म्हणते, की मालाच्या गुणवत्तेची हमी, काही अपवाद सोडले तर, विक्रीत गृहीत धरलेली नसते. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. १८७२ च्या करार कायद्याचे सतरावे कलम त्याहून सुखावह वाटले. नुसते मौन म्हणजे कपट नव्हे, असे ते सांगते आणि उदाहरण घोड्याचे देते. ‘अ’ लिलावात ‘ब’ला घोडा विकतो, घोड्यात व्यंग आहे हे ‘अ’ला ठाऊक आहे, तो काही बोलत नाही. हे कपट नाही. मी पुस्तक मिटावयास हवे होते.

पण खाली आणखी उदाहरणे होती. समजा, ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे, मग व्यंग सांगणे हे ‘अ’चे कर्तव्य ठरते. आणि त्याखालचे उदाहरण असे, की ‘ब’ ‘अ’ला म्हणतो, ‘तू नाही म्हटले नाहीस, तर घोडा निकोप आहे असे मी समजेन.’ ‘अ’ गप्प राहतो. येथे त्याचे मौन हे बोलण्यासारखेच आहे.

वाईच्या शिक्षकांनी करार कायदा वाचला असेल असे मला वाटत नाही. पण चहाचा कप हातात धरून ते जे बोलले, ते जवळजवळ शब्दशः हेच होते.

मुलीच्या उदाहरणाने मी अधिक बेचैन झालो. कायदा ते मोठ्या सहजपणे सांगतो, जणू कोणाला त्यात काही शंका असणारच नाही. मुलीला व्यंग सांगावे हे उघड. परक्याला सांगितले नाही तरी चालेल हेही उघड. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की मुलगी कोठे संपते आणि परका कोठे सुरू होतो? माझ्या बाबतीत ती रेघ मेहुणा आणि वाईचे शिक्षक यांच्यामधून गेली. महाभारताच्या शांतिपर्वात जाजलीची कथा आहे. ज्याच्या जटेत पाखरांनी घरटे बांधले, असा हा तपस्वी. त्याला धर्म शिकावयास काशीच्या बाजारात तुलाधार नावाच्या वाण्याकडे जावे लागले. माझा तराजू सर्वांना सारखा आहे, हे त्या वाण्याचे मोठे सांगणे. लहानपणी मला वाटे, यात काय विशेष? वजने खरी ठेवली की झाले! त्या तराजूत मेहुणा आणि परका गृहस्थ एकाच भावाने तोलावे लागतात, हे गाडी विकेपर्यंत ध्यानात आले नव्हते.

अर्थशास्त्रज्ञांनीही हा प्रश्न सोडलेला नाही. जॉर्ज अ‍ॅकर्लॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच निबंध लिहिला, आणि २००१ सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले. विकणाऱ्याला व्यंग ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना कमी भाव देतो, आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून काढता पाय घेतो, असा त्यांचा मुद्दा. माझ्या मौनाची किंमत कोणा तिसऱ्याच सज्जनाने मोजली, असे यावरून निघते. मला हे पटते. पण हे वाचून कोणी आपल्या गाडीचे रडगाणे गिऱ्हाइकापुढे गाऊ लागेल, यावर माझा विश्वास नाही.

ख्रिस्तापूर्वी ४४ साली सिसेरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात सदोष घर विकणाऱ्याचा वाद आहे. एका पक्षाचे म्हणणे असे, की न सांगणे वेगळे आणि लपविणे वेगळे. ‘रोगट घर विकणे आहे’ अशी दवंडी कोणी पिटतो काय? सिसेरोला हा पक्ष मान्य नव्हता. मला मात्र तो फार आवडला. मी न सांगणाऱ्यांतला, लपविणाऱ्यांतला नव्हे! पंधरा दिवस मी या भेदावर सुखाने झोपलो. मग एके दिवशी माळ्यावरून काही काढताना पाण्याचे दोन रिकामे कॅन हाताला लागले आणि त्यांच्यामागे ते फडके. शिक्षक येणार त्या सकाळी, गाडी पुसताना, आसनाखालून ते मीच काढले होते. ‘उगाच पसारा’ असे तेव्हा स्वतःशी म्हटल्याचे मला आठवते.

मेमध्ये वाईहून आंतरदेशीय पत्र आले. अक्षर शिक्षकांना शोभेल असे. गाडी उत्तम आहे, घरी सर्वांना आवडली आहे. गेल्या आठवड्यात वडिलांना पुण्यास डॉक्टरांकडे दाखवून परत येताना खंबाटकीत बंद पडली. ऊन फार होते. एका ट्रकवाल्याने पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवावयास सांगितले आणि अर्ध्या तासात चालू झाली. “आपण इतकी वर्षे ही गाडी चालविलीत, आपणांसही हा त्रास झाला असेल. उपाय ठाऊक नसावा म्हणून मुद्दाम कळवितो. पुढे दुसरी जुनी गाडी घेतलीत, तर उपयोगी पडेल. वडिलांची प्रकृती आता ठीक आहे.”

मी उत्तर लिहावयास बसलो. आभार मानले. झाकणाचे रबर तपासून घ्यावे, विहिरीचे पाणी घालू नये, पट्टा ताणून घ्यावा, दुपारी घाट टाळावा, असे सारे लिहिले. फडक्याविषयी ‘उपाय चांगला दिसतो’ एवढेच लिहिले. पत्र पत्नीला वाचावयास दिले. तिने ते वाचले, घडी घातली आणि विचारले, “एवढंच?”

मी दुसरा कागद घेतला. त्यावर ‘स. न. वि. वि.’ लिहिले आणि दिवा बराच वेळ जळत राहिला. सकाळी टपालाची वेळ झाली तेव्हा पेटीत पडले, ते पहिलेच पत्र.