अस्वलकुत्रा आणि बुलढाण्याचा काळा पाषाण

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे निघाले की रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात काळा पाषाण दिसतो. तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्यावर मुरूम, मुरमावर काळी माती, मातीत कपाशी आणि सोयाबीन. भूशास्त्राच्या हिशेबाने ही माती कालपरवाची. पाषाण जिथे संपतो आणि माती जिथे सुरू होते, तिथले अंतर हाताने मोजता येते. पण त्या अंतरात सहा कोटींहून अधिक वर्षे गेली आहेत आणि त्यांची जवळजवळ काहीच नोंद तिथे नाही.

नेमक्या याच काळात एक प्राणिकुळ जगात आले, पसरले आणि संपले. शास्त्रीय भाषेत त्याला ‘अँफिसायोनिडी’ म्हणतात, बोलीत अस्वलकुत्रे. सुमारे 4 कोटी वर्षांपूर्वी ते उत्तर अमेरिकेत आणि युरोपात दिसू लागले आणि 70-80 लाख वर्षांपूर्वीपर्यंत जवळजवळ नाहीसे झाले. सुरुवातीचे काही मांजराएवढेही नव्हते. पुढच्यांपैकी ‘अँफिसायॉन इंजेन्स’चे वजन पाच-सहाशे किलोपर्यंत गेले असावे, असा अंदाज आहे. देह अस्वलासारखा जड, जबडा आणि दात कुत्र्याच्या वळणाचे. फ्रान्समधल्या सांसाँ गावी जीवाश्म शोधणाऱ्या एदुआर लार्ते या वकिलाने 1836 मध्ये ‘अँफिसायॉन’ हे नाव दिले. ‘दोन्हीकडचा कुत्रा’ असा त्याचा अर्थ लावता येईल. पुढे दीडशे वर्षे अभ्यासकांनी या प्राण्याला कधी कुत्र्यांच्या कुळात ढकलले, कधी अस्वलांच्या. कवटीतल्या कानाजवळच्या हाडांची रचना बारकाईने तपासल्यावर हे कूळ स्वतंत्र असल्याचे मान्य झाले. म्हणजे तो अस्वलही नाही आणि कुत्राही नाही. शिवाय कुत्र्यांचे खरे कूळ तेव्हा दीर्घकाळ उत्तर अमेरिकेतच होते. ते आशिया-युरोपात पोचले तेव्हा तिथल्या अस्वलकुत्र्यांचा शेवट जवळ आलेला होता.

ओळखीच्या जनावराचे नाव अनोळखी जनावराला चिकटवले की काय होते, याचे उदाहरण बुलढाण्याच्या जंगलातच आहे. ज्ञानगंगा अभयारण्यात आज जे अस्वल फिरते, त्याचे वर्णन 1791 मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज अभ्यासकाने केले ते ‘स्लॉथ’ म्हणून, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या झाडाला लटकणाऱ्या संथ प्राण्याचा भाऊबंद म्हणून. कारण एवढेच की त्याची नखे लांब आणि वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतात. ते दात नसल्यामुळेच त्याला वारुळातली वाळवी ओढून घेता येते, ही गोष्ट शॉच्या लक्षात आली नाही. चूक पुढे सुधारली, पण इंग्रजी नावात ‘स्लॉथ’ आजही टिकून आहे. जिवंत अस्वलाच्या बाबतीत असे होत असेल, तर जबड्याच्या तुकड्यावरून ओळखल्या जाणाऱ्या प्राण्याच्या नावावर किती भरवसा ठेवायचा, हे आपण ठरवायला हवे.

भारतीय उपखंडात अस्वलकुत्रे होते, याबद्दल शंका नाही. रिचर्ड लिडेकर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते तेव्हा, 1876 मध्ये, त्यांनी शिवालिक टेकड्यांतल्या जीवाश्मांवरून ‘अँफिसायॉन पॅलिइंडिकस’चे वर्णन केले. पुढे त्याच खात्यातल्या गाय पिलग्रिम यांनी या कामात भर घातली. हिमालयातून वाहून आलेला गाळ लाखो वर्षे थरावर थर साचत गेला, म्हणून शिवालिकमध्ये हाडे टिकली.

मग बुलढाण्यात का नाहीत? अनेकांच्या मनात पहिले उत्तर येते, ‘तो प्राणी इथे नसेल.’ हे उत्तर चुकीच्या पुराव्यावर उभे आहे. हाड टिकायला ते लवकर गाडले जावे लागते, आणि गाडणारा गाळ पुढेही जागेवर राहावा लागतो. बुलढाणा जिल्ह्यात हे होणे अवघड. हा जिल्हा पाणलोटाच्या कण्यावर आहे. घाटाखालचे पाणी पूर्णेतून तापीला आणि अरबी समुद्राला मिळते. घाटावरचे पैनगंगा-खडकपूर्णेतून गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला. घाटमाथ्यावर मेलेल्या जनावराचे हाड पावसाने इकडे वाहिले काय किंवा तिकडे, ते सहसा जिल्ह्यात राहत नाही. ही जमीन कोट्यवधी वर्षे झिजत आली आहे. झिजणारी जमीन साक्ष ठेवत नाही.

याच्या उलट मोहही तितकाच धोक्याचा आहे, आणि तो मलाही पडतो. 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोचला. एक वाघ काही महिन्यांत एवढे चालतो, तर लाखो वर्षांच्या अवधीत शिवालिकचे अस्वलकुत्रे दक्षिणेकडे उतरले नसतील कशावरून? हा तर्क ऐकायला सुंदर आहे. पण त्यातून ‘शक्य होते’ एवढेच निघते, ‘होते’ निघत नाही. आपल्याकडे गावाचा इतिहास लिहिताना या दोन वाक्यांमधली दरी एका झेपेत ओलांडली जाते आणि मग ‘लाखो वर्षांपासून’ हे शब्द पाटीवर रंगवले जातात. रिकामी जागा रिकामी लिहिणे हे कमीपणाचे नाही, असे मला ठामपणे वाटते.

लोणारच्या विवराने हे आपल्याला शिकवायला हवे होते. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या अधिकाऱ्याने त्या विवराची नोंद केली आणि पुढची दीडशे वर्षे ते ज्वालामुखीचे की उल्केचे हा वाद चालला. 1973 मध्ये विवरात छिद्रे पाडून काढलेल्या नमुन्यांत प्रचंड दाबानेच बनणारी मॅस्केलिनाइट ही काच सापडली, तेव्हा निकाल लागला. वयाचा निकाल आणखी लांबला. पन्नासेक हजार वर्षांचा आकडा पुस्तकांत रुळला होता; 2011 मध्ये आर्गॉन पद्धतीने ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे निघाले. पाव हिस्सा नव्हे, दहापट फरक. तरीही अस्वलकुत्र्यांसाठी लोणार फार उशिरा जन्मले.

मग शोधायचे काय? माझे उत्तर आहे, पूर्णेचा गाळ. घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात हा गाळ खूप खोलवर साचलेला आहे. तो अस्वलकुत्र्यांच्या काळाचा नाही, बराच अलीकडचा आहे. पण महाराष्ट्रातल्या नद्यांच्या अशाच गाळाने आपल्याला मोठी जनावरे दिली आहेत. अस्वलकुत्र्यांवर काम करणाऱ्या त्याच पिलग्रिम यांनी 1905 मध्ये गोदावरीच्या गाळातल्या नामशेष हत्तीवर लिहिले. मांजरा खोऱ्यातल्या जीवाश्मांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या जी. एल. बदाम यांनी काम केले. ही हाडे नदीकाठच्या वाळूच्या आणि खड्यांच्या थरांतून येतात. आज तेच थर यंत्राने उपसून ट्रकमध्ये भरले जातात. हाड निघालेच तर ते कोणत्या थरातले, हे कधीच कळणार नाही, आणि थर हरवलेले हाड म्हणजे तारीख फाटलेला दस्तऐवज. वाळू उपशाविरुद्ध आपण पाण्याच्या पातळीचे आणि पात्राचे मुद्दे मांडतो. हा मुद्दाही त्यांत असायला हवा.

आणि सापडलेले हाड ठेवायला जागा हवी. टेक्सासमध्ये मिळालेली एक चिमुकली कवटी 1986 मध्ये वर्णन झाल्यावर संग्रहालयात पडून होती. 2016 मध्ये सुसुमू तोमिया आणि जॅक त्सेंग यांनी ती पुन्हा तपासली, आणि ती अस्वलकुत्र्यांच्या अगदी सुरुवातीच्या शाखेतली निघाली. तीस वर्षे ती वाया गेली नाही, कारण कुणीतरी तिला क्रमांक देऊन, सापडल्याची जागा लिहून खणात ठेवले होते. खामगाव, मलकापूर, चिखली, बुलढाणा इथल्या महाविद्यालयांच्या भूगोल-प्राणिशास्त्र विभागांत असा एक खण असायला फार पैसे लागत नाहीत. नदीत, विहिरीच्या खोदकामात जड, दगडासारखे हाड निघाले तर ते धुऊन-घासून न आणता जागेचे छायाचित्र काढून, खोली मोजून कळवायचे, एवढे शेतकऱ्याला आणि विहीर खोदणाऱ्या मजुराला कुणीतरी सांगायला हवे.

आज ज्ञानगंगेत एखादे अस्वल म्हातारे होऊन मेले, तर त्याचे मांस तरस आणि रानडुकरे खातील, हाडे साळिंदर कुरतडेल आणि उरलेले दोन-तीन पावसाळ्यांत मुरमात मिसळेल. त्या अस्वलाच्या वरच्या जबड्याची एखादी पट्टी मात्र ओढ्यातून खाली जाऊन पूर्णेच्या गाळात अडकू शकते, मधले दोन दात नसलेली.