जेंकिनची शंका

उत्क्रांतीवर बोलायला उभं राहिलं की श्रोत्यांतून एकजण हमखास विचारतो : मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम आपल्याकडे होताच की, मग डार्विनने नवीन काय सांगितलं? प्रश्न वाटतो तितका बाष्कळ नाही. जीव बदलत गेले हे डार्विनच्याही आधीचं. लामार्कने ते १८०९ मध्ये मांडलं होतं. डार्विनचं पुस्तक १८५९ मध्ये आलं आणि दहा-पंधरा वर्षांत बहुतेक ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञांनी उत्क्रांती मान्यही केली. घोडं अडलं ते कारणापाशी. नैसर्गिक निवडीनेच हे प्रामुख्याने घडतं, ही गोष्ट गळी उतरायला पाऊणशे वर्षं गेली. त्यात चर्चचा हात आपण समजतो त्याहून बराच कमी.

१८६७ मध्ये फ्लीमिंग जेंकिन या, समुद्राखालून तारायंत्राच्या केबल टाकणाऱ्या इंजिनिअरने डार्विनच्या पुस्तकाचं एक परीक्षण लिहिलं. त्याचा मुद्दा घरगुती भाषेत ताकाचा आहे. आईबापांचे गुण अपत्यात मिसळून जातात, अशी तेव्हाची समजूत. मग एखादा प्राणी उपयोगी गुण घेऊन जन्मला, तरी त्याची जोडी जमणार साध्याशीच. पिल्लात गुण निम्मा, नातवंडात पाव. दर पिढीला ताकात तेवढंच पाणी. निवडायला उरणार काय? त्या समजुतीत शंका बिनतोड होती. या लेखाने त्रास दिला, पण इतर कुठल्याही परीक्षणापेक्षा उपयोगही जास्त झाला, असं डार्विनने आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला, हूकरला कळवलं.

१८६८ मधल्या पुस्तकात डार्विनने आनुवंशिकतेची स्वतःची उपपत्ती दिली : शरीराच्या प्रत्येक भागातून सूक्ष्म कण निघतात आणि प्रजननाच्या अवयवांत जमतात. हे कण रक्तातून जात असतील, या अंदाजाने डार्विनच्याच नात्यातल्या गॉल्टनने रुपेरी-राखाडी सशांच्या अंगात दुसऱ्या रंगाच्या सशांचं रक्त चढवून पाहिलं. पिल्लं झाली ती राखाडीच. मी रक्ताबद्दल बोललोच नव्हतो, असं डार्विनचं उत्तर. मला तरी ते लंगडं वाटतं.

जेंकिनच्या शंकेचं खरं उत्तर १८६६ मध्येच छापून पडलं होतं. मठवासी मेंडेलच्या वाटाण्यांत गोल आणि सुरकुतलेल्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे गोल निघाले. दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. सुरकुती विरली नव्हती, लपली होती. गुण ताकासारखे मिसळत नव्हते, पत्त्यांसारखे पिसले जात होते.

१९०० मध्ये हे काम पुन्हा हाती लागलं, तेव्हा गंमत अशी झाली की बेटसनसारख्या जीवशास्त्रज्ञांनी मेंडेलला डार्विनच्याच विरोधात उभं केलं. दाणा एकतर गोल, नाहीतर सुरकुतलेला. म्हणजे बदल उडीनेच होणार! उंचीसारखे गुण मात्र इंचाइंचाने बदलतात, असं संख्याशास्त्रज्ञ पिअर्सनचा गट सांगत होता. हे भांडण बरंच चिघळलं. अनेक मेंडेलीय घटकांची बेरीज झाली की तोच सलग चढउतार मिळतो, हे संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९१८ मध्ये गणिताने दाखवलं. पुढे भारतात येऊन राहिलेल्या हाल्डेनने १९२४ मध्ये मँचेस्टरमध्ये झपाट्याने वाढलेल्या काळ्या पतंगांवरून निवडीचा जोर किती, याचा हिशेब मांडला.

मला राहून राहून आठवते ती डार्विनची बाग. आपल्या नर्सरीत ज्याला डॉग-फ्लॉवर म्हणतात, त्याची एक विचित्र जात त्याच्याकडे होती. फुलं नेहमीसारखी दोन ओठांची नाहीत, चहूकडून सारखी. साध्या जातीशी संकर केल्यावर पहिल्या पिढीत विचित्र एकही नाही. दुसऱ्या पिढीत १२७ रोपं : ८८ साधी, ३७ विचित्र, दोन अधलीमधली. १८६८ च्या त्याच पुस्तकात हे आकडे आहेत. त्याने रोपं मोजली, आकडे छापले आणि पुढच्या झाडाकडे वळला.