मोबाईलवरची थट्टा आणि आपली मुले



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारी मुलांच्या मिस्सेत आपल्याच एका मुलाने प्रतिसाद-स्तोत्र गायले. आवाज फुटण्याचे त्याचे वय. मधल्या ओळीवर आवाज चिरकला, बाकांवर थोडे हसू उठले आणि विरले. पण कोणीतरी ते मोबाईलवर टिपले होते. संध्याकाळपर्यंत ती क्लिप मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरत होती आणि तिला कोंबड्याचे आरवणे जोडलेले होते. आठवड्याभरात त्याला टोपणनाव पडले आणि त्याच्या प्रत्येक फोटोखाली ते येऊ लागले.

तो माझ्याकडे आला होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "दुर्लक्ष कर. दोन दिवस हसतील आणि विसरून जातील." त्यानंतर तो गायनवृंदात आला नाही. पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गालाही येईना. महिन्याभराने त्याची आई आली, तेव्हा समजले की तो रात्र रात्र जागा असतो, धड जेवत नाही, आणि "मी नसतो तर बरे झाले असते" असे धाकट्या बहिणीला म्हणाला. त्याची व त्याच्या आईवडिलांची परवानगी घेऊन हे लिहीत आहे, कारण यात माझीही चूक आहे.

आमच्या लहानपणी चिडवाचिडवी शाळेच्या फाटकापाशी थांबत असे. घरी आले की दार लागे. आज ती मुलाबरोबर घरात येते, जेवणाच्या ताटापाशी बसते, पांघरुणातही शिरते. शिवाय एकदा बोललेला शब्द हवेत विरतो, पण पाठवलेली क्लिप कोणाकोणाकडे उरली हे कळत नाही. अशा वेळी "दुर्लक्ष कर" म्हणणे म्हणजे त्या मुलाला गर्दीत एकटे सोडून देणे होय.

पवित्र शास्त्राला हे दुःख नवीन नाही. ५५ व्या स्तोत्राचा कर्ता म्हणतो की शत्रूने निंदा केली असती तर सोसले असते, पण हा तर माझा सोबती. बेन सिरा सांगतो की चाबकाने वळ उठतात, जिभेने हाडे मोडतात. आणि आपला प्रभू? सैनिकांनी त्याला झगा घातला, काट्यांचा मुकुट चढवला, हाती वेत दिला आणि राजा म्हणून गुडघे टेकून त्याची टर उडवली. ज्या मुलाची थट्टा होते, त्याला मी सांगू इच्छितो: बाळा, दोष तुझा नाही. ज्याच्यावर अख्खी पलटण हसली, तो प्रभू येशू तुझ्या बाजूला उभा आहे.

आता उरलेल्यांचा विचार करू. क्लिप बनवणारा एक होता, पुढे पाठवणारे काहीजण, आणि पाहून गप्प राहणारे पुष्कळ. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात परनिंदा आणि उपहास यांचा पापे म्हणून वेगवेगळा विचार केला. विरोध करणे शक्य असताना जो निंदा मुकाट्याने ऐकून घेतो, तो त्या पापात सहभागी होतो, असे ते शिकवतात. मोबाईलच्या युगाला हे तंतोतंत लागू पडते. "मी फक्त फॉरवर्ड केले" ही सबब आठव्या आज्ञेपुढे टिकत नाही.

पालकांनो, तुम्हांला काही गोष्टी कळकळीने सांगतो.

पहिली, मूल सांगू लागले तर आधी शेवटपर्यंत ऐका. लगेच मोबाईल काढून घेऊ नका. मोबाईल जाईल या भीतीनेच अनेक मुले सांगत नाहीत. साधन वाईट नसते. वयाच्या १५ व्या वर्षी २००६ साली वारलेले आणि २०२५ साली संतपद लाभलेले कार्लो अकुतिस संगणकावर रमणारेच होते.

दुसरी, ब्लॉक करण्यापूर्वी स्क्रीनशॉट आणि तारखा जपून ठेवा. मग त्या अ‍ॅपवर तक्रार करा आणि शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. मात्र चित्र अश्लील असेल तर पुरावा म्हणूनही ते कोणाला पाठवू नका. अल्पवयीन मुलांची अशी चित्रे पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ बखाली गुन्हा आहे. थेट पोलिसांकडे जा.

तिसरी, हे क्रमांक घरात लिहून ठेवा: मुलांसाठी १०९८, सायबर गुन्ह्यांसाठी १९३०, आणि मन खचले असेल तर टेली-मानस १४४१६. मूल मरणाची भाषा बोलले, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

चौथी गोष्ट जरा कठीण आहे. थट्टा करणारे मूल आपलेही असू शकते. तसे कळले तर पाठीशी घालू नका आणि मारूही नका. ख्रिस्तसभेची शिकवण आहे की सत्य आणि न्याय यांविरुद्ध केलेल्या पापाला क्षमा मिळाली तरी भरपाईचे कर्तव्य उरते. म्हणून पापनिवेदन पुरेसे नाही. ज्या गटावर हसे केले, त्याच गटावर माफी मागायला हवी.

तो मुलगा अजून गायला आलेला नाही. पण गेल्या रविवारी तो शेवटच्या बाकावर बसला होता. काही वेळाने त्या गटातलाच एक मुलगा उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला. काही बोलला नाही, फक्त बसला. कुरेनेकर शिमोनाला क्रूस उचलायला भाग पाडावे लागले होते. हा मुलगा आपणहून उठला.

आजपासून मिस्सेच्या वेळी मुलांचे मोबाईल घरी राहू द्या. आणि तो मुलगा पुन्हा गायला उभा राहील त्या दिवशी त्याचा आवाज चिरकला, तर आपण सर्वांनी प्रतिसाद जरा मोठ्याने म्हणावा.

प्रभू आपल्या लेकरांचे रक्षण करो.

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू