नदीपलीकडची खरेदी

मागणारा दारी आला नाही, तर देणे उरते का? अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या व्हँकुव्हर शहरात (कॅनडातील नव्हे) हा प्रश्न नित्याचा आहे. कोलंबिया नदीपलीकडे, ऑरेगनात, विक्रीकर नाही. तेथून १,००० डॉलरांचा पलंग आणणारा कर वाचला असे समजतो. परंतु वॉशिंग्टनात १९३५ पासून 'वापर-कर' आहे. राज्याचा हिस्साच ६.५ टक्के, म्हणजे ६५ डॉलर, आणि तो स्वतःहून भरावयाचा. परराज्यातील हिशेबनिसाला हे ठाऊक असेलच असे नाही. म्हणून स्थानिक सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट गाठावा, त्याचा परवाना राज्य मंडळाकडे पडताळावा. मात्र त्याला "किती देणे लागतो?" असे विचारायचे की "कोणाला कळेल?", हे आपणच ठरवायचे. शिवाय बुडते ते केवळ सरकारचे नव्हे. अलीकडच्या काठावर कर लावून विकणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावतो, आणि रविवारी तो कदाचित आपल्याच बाकावर बसलेला असतो.